पलीकडच्या खुर्चीची धास्ती

शेणव्याच्या नाक्यावर सकाळी अर्धा तास उभं राहिलं की कोण कुठं कामाला जातं ते न विचारता कळतं. पायात सेफ्टी शूज असले तर आसनगाव, नाहीतर वाशिंदची कंपनी. गळ्यात आयकार्डाची दोरी आणि सॅकमध्ये डबा असला तर पडघ्याकडची गोदामं. ट्रॅक पँट आणि घामेजलेला टी-शर्ट म्हणजे पोलीस भरतीचं पोरगं, पहाटेचं धावणं आटोपून घरी निघालेलं. आणि इस्त्रीचा शर्ट, पुसलेले बूट, काखेत बटणाचं प्लास्टिक फोल्डर अशा अवतारात कुणी एसटीची वाट बघत असलं की टपरीवरून हाक येतेच, 'काय, इंटरव्ह्यू काय?'

डोळखांबकडची आणि किन्हवलीकडची माणसं शहापूरला जाताना या नाक्यावर भेटतात. पुढं सापगाव, शहापूर, आसनगाव स्टेशन आणि मग कसारा लाइनची लोकल. ठाण्यात किंवा ऐरोलीत सकाळी दहाची मुलाखत असली तर आतल्या पाड्यावरच्या उमेदवाराचा दिवस अंधारातच सुरू होतो. त्यात लोकल चुकली तर मुलाखतच चुकली. समोर बसलेल्या साहेबाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो तो डोळ्यांवर झोप असलेला, घसा कोरडा पडलेला एक मुलगा. तो मुलगा पाठ केलेलं म्हणायला लागतो, 'मायसेल्फ अमुक तमुक. माय हॉबी इज रीडिंग. माय स्ट्रेंथ इज हार्डवर्किंग.'

हे 'मायसेल्फ' प्रकरण शहापूर-मुरबाडकडं घरोघरी पोचलंय. कुठल्यातरी क्लासमध्ये किंवा यूट्यूबवर एक परिच्छेद मिळतो, वहीत उतरवला जातो, वहीवरून मित्राच्या वहीत जातो. गोदामाच्या गेटवर तोच, खासगी शाळेत तोच, प्रांत कार्यालयातही तोच. छंद वाचन असं सांगणाऱ्याला शेवटचं वाचलेलं पुस्तक विचारलं की शांतता. दुबळी बाजू विचारली की 'मी सगळं परफेक्ट करायला बघतो'. हे उत्तर साहेबानं त्या सकाळी आधीच्या पाच जणांकडून ऐकलेलं असतं.

इथल्या मुलांचा सराव घेताना माझं एक मत पक्कं होत गेलंय. मुलाखतीच्या तयारीत स्वतःबद्दल काय बोलायचं हा नंतरचा प्रश्न. आधी ओळखायचं ते पलीकडच्या खुर्चीतल्या माणसाला कशाची धास्ती आहे ते. त्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण आधी कधीतरी पोळलेला असतो. कुणाची माणसं ऐन घाईत पळालेली असतात, कुणाच्या मशीनवर कामगाराचं बोट गेलेलं असतं, कुणी नेमलेला माणूस गावच्या एका पार्टीचा निघालेला असतो. त्याचे सगळे प्रश्न त्या एका धास्तीपोटी येतात. गोदामवाल्याची धास्ती वेगळी, मुख्याध्यापकाची वेगळी. एकच परिच्छेद दोघांना पुरणार कसा?

आधी एक गैरसमज काढून टाकू. इथली बहुतेक मुलं ज्या नोकऱ्यांमागं आहेत त्यांत मुलाखत नाहीच. १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात पंतप्रधानांनी कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद करायची कल्पना मांडली आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या गट ब अराजपत्रित, क आणि ड पदांच्या मुलाखती थांबल्या. बऱ्याच राज्यांनी पाठोपाठ तेच केलं. आज पोलीस शिपायाला ५० गुणांचं मैदान आणि १०० गुणांची लेखी. ग्रामीण डाकसेवकाला नुसते दहावीचे गुण. रेल्वेच्या गट ड मध्ये लेखीनंतर पुरुष उमेदवारानं ३५ किलोचं ओझं घेऊन १०० मीटर २ मिनिटांत जायचं आणि १००० मीटर ४ मिनिटं १५ सेकंदांत धावायचं. भाताची पोती वाहिलेल्या पोरांना त्यातलं ओझं फार वाटत नाही, घड्याळ मात्र वाटतं. अंगणवाडी सेविकेची निवड गुणांकनावर, आणि बाई त्याच गावची रहिवासी हवी. तलाठ्याला लेखी. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर गेले होते.

मुलाखत गेली हे माझ्या मते चांगलंच झालं. कनिष्ठ पदांच्या मुलाखतीत 'आपला माणूस' घुसवायला जागा असायची आणि आतल्या पाड्यावरच्या पोराला तिथं आपला माणूस कुठून मिळणार? पण मुलाखत गेली तरी टेबल गेलेलं नाही. निकालानंतर कागदपत्रांची पडताळणी असते आणि इथली मुलं सगळ्यात जास्त तिथंच अडकतात.

काखेतलं ते फोल्डर उघडून बघावं. वर दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मग शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, असला तर नॉन-क्रीमीलेअर, आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट फोटोंचं पाकीट. दाखल्यावर जन्मतारीख १ जून. घरातल्या तिघांचीही १ जून, कारण नाव घालताना गुरुजींनी ज्याची तारीख माहीत नाही त्याला १ जून लावून टाकलेली. आधारवर मात्र आईनं सांगितलेली दुसरीच. दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावात एक वेलांटी जास्त. पुण्या-मुंबईच्या मुलाला किरकोळ वाटेल, पण पलीकडच्या कारकुनाला धास्ती असते ती या वेलांटीची. उद्या कुणी तक्रार केली, प्रकरण कोर्टात गेलं, तर त्याची सही तिथं असणार. तो फाइल बाजूला ठेवतो. नावातला बदल राजपत्रात छापून घ्यायला वेळ लागतो आणि त्या वेळात प्रतीक्षा यादीतला पुढचा उमेदवार आत जातो.

आदिवासी उमेदवारांचं तर आणखी अवघड. शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेनं सुरू झालेल्या आणि पुढं १७ संवर्गांपर्यंत गेलेल्या पेसा भरतीत स्थानिक आदिवासींना जागा आहेत. पण वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या शाळेची नोंद लागते, आणि आजोबा शाळेत गेलेच असतील असं नाही. गेले असले तर रजिस्टरात 'महादेव कोळी'ऐवजी नुसतं 'हिंदू कोळी' लिहिलेलं सापडतं. ही शोधाशोध निकाल लागल्यावर सुरू करणाऱ्याची नोकरी हातची जाते. म्हणून बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत पहिली तयारी कसली करायची असं कुणी विचारलं तर मी सांगतो, इंग्रजी राहू दे, आधी कागद जुळव.

आता गेटवरची मुलाखत. भिवंडी-पडघा पट्ट्यातली गोदामं, आसनगाव-वाशिंदचे कारखाने, मुरबाडची एमआयडीसी. इथं माणूस घेतो तो बहुधा ठेकेदार किंवा त्याचा सुपरवायझर. खुर्ची नसतेच, तो उभा असतो, हातात मोबाइल. आधार बघतो, वय बघतो, अंगानं कसा आहे ते बघतो. 'आधी कुठं होता? का सोडलं? नाइट चालेल? राहायला कुठं?' दोन मिनिटांत निकाल.

या दोन मिनिटांची तयारी काय करायची, असं वाटतं. पण त्याचा शेवटचा प्रश्न नीट ऐका. राहायला कुठं, हे तो पत्त्यासाठी विचारत नाही. शहापूर-मुरबाड म्हटल्यावर त्याला जुलै आठवतो. पाऊस लागला, आवणी म्हणजे भाताची लावणी सुरू झाली की पोरं फोन बंद करून गावाला जातात. पुन्हा दिवाळीच्या सुमाराला भात कापणीला येतं आणि नेमका त्याच दिवसांत गोदामात ऑनलाइन मालाचा पूर आलेला असतो. ठेकेदार कंपनीला माणसांचा आकडा देऊन बसलेला असतो आणि लाइनवर माणसं नसतात. त्याला तुमच्या ताकदीची शंका नसते, तुमच्या भाताच्या खाचरांची असते.

तेव्हा 'मी कुठलंही काम करीन, सर' या उत्तराचा उपयोग नाही. उपयोग होतो तो याचा: 'आमची आवणी घरची माणसं करतात. मला दोन दिवस लागतील, ते मी आठवडाभर आधी सांगीन.' किंवा, 'सकाळच्या शिफ्टला मी मित्राच्या गाडीवर येतो, त्याचीही तीच शिफ्ट आहे.' दोन दिवस लागतील हे आधीच सांगणारा उमेदवार ठेकेदाराला क्वचित भेटतो. लागतच नाहीत म्हणणारे रोज भेटतात, आणि तेच जुलैत गायब होतात.

आयटीआय झालेल्या मुलाची मुलाखत आत, शॉप फ्लोअरच्या शेजारच्या खोलीत होते. तिथं समोर मेन्टेनन्सचा किंवा प्रॉडक्शनचा माणूस बसतो. त्याला गोड बोलण्याची गरज नसते. तो ड्रॉवरमधून व्हर्नियर काढून पुढं करतो आणि टेबलावरच्या बोल्टचा व्यास मोजायला सांगतो. लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर हे तोंडपाठ असलेला मुलगा रेघा जुळवताना अडखळतो, कारण वर्कशॉपमध्ये एका व्हर्नियरभोवती सगळी तुकडी उभी असायची. मग दुसरा प्रश्न, दिसायला साधा: 'मशीन मध्येच थांबली तर काय कराल?' हुशार मुलगा इथं हमखास फसतो. 'उघडून बघीन, सर.' समोरच्याच्या डोळ्यांपुढं प्रेसखाली गेलेला हात येतो. त्याला ऐकायचं असतं: 'आधी मेन स्विच बंद करीन, पाटी लावीन, सुपरवायझरला बोलावीन.' धाडस दाखवायच्या नादात ही नोकरी जाते. मोजायला जमत नसेल तर 'मायक्रोमीटरवर हात बसलाय, व्हर्नियरवर कमी, एकदा दाखवा' म्हणणाऱ्याला घेतलेलं मी पाहिलंय.

शिकून बसलेल्यांसाठी जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार रुपये महिना विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. तिच्यातून कायम नोकरी मिळेल ही आशा किती खरी यावर बरंच बोलता येईल. पण सहा महिने एखाद्या कार्यालयात बसलेल्या मुलाच्या बोलण्यात फरक पडतो हे खरं. आवक-जावक रजिस्टर, टिपणी, साहेबांची सही, हे शब्द तोंडात बसतात आणि पुढच्या मुलाखतीत 'अनुभव' या रकान्यापुढं लिहायला काहीतरी असतं.

या 'अनुभव' रकान्यावर जरा थांबतो. शेणव्याच्या आसपासच्या एका वाडीतली मुलगी, बी.ए. मुक्त विद्यापीठातून केलेलं, शहापुरातल्या एका पतसंस्थेत कारकुनाच्या जागेसाठी निघालेली. 'अनुभव?' 'नाही.' मग बोलता बोलता कळलं की आईच्या बचत गटाचं दप्तर नववीपासून तिच्याकडंच आहे. कर्ज कुणाला दिलं, हप्ता कुणाचा चुकला, व्याज किती, बँकेत भरणा कधी, सगळं ती लिहिते. पावसाळ्यात बायकांच्या हातात पैसा नसतो म्हणून हप्ता दिवाळीपर्यंत लांबवायचं तिनंच सुचवलं होतं. पतसंस्थेच्या चेअरमनना धास्ती असते थकबाकीची. ही मुलगी थकबाकी म्हणजे काय ते घरातून शिकून आलेली, आणि अर्जात 'अनुभव नाही' लिहून मोकळी! आम्ही तिचं उत्तर नव्यानं बांधलं. छंद-बिंद काढून टाकले. पहिलं वाक्य: 'मी बचत गटाचं दप्तर लिहिते.' दुसरं: गटात बायका किती, महिन्याची बचत किती. तिसरं: हप्ता थकला तेव्हा काय केलं. तीनच वाक्यं, तीही तिच्या रोजच्या मराठीत. चौथ्या वाक्याला चेअरमन स्वतः प्रश्न विचारणार हे नक्की होतं, आणि त्याचं उत्तर पाठ करायची तिला गरज नव्हती.

अशी कामं इथं प्रत्येकानं केलेली असतात. कुणी वीटभट्टीवर मजुरांचा हिशेब ठेवलेला असतो, कुणी म्हशाच्या यात्रेत बैलांच्या सौद्यात बापाच्या बाजूला उभं राहून भाव पाडलेला असतो, कुणी माहुली किल्ल्यावर येणाऱ्या ट्रेकर्सना वाट दाखवलेली असते. घरचं काम म्हणजे काम नाही, ही समजूत शाळेनं रुजवली की आणखी कुणी, ठाऊक नाही. पण मुलाखतीत ती महाग पडते.

सगळ्यात इरसाल मुलाखत मला विचाराल तर पोलीस पाटलाची. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखालचं हे पद. दहावी पास, वय २५ ते ४५, त्याच गावचा रहिवासी. लेखी ८० गुण, तोंडी २० गुण. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं मानधन साडेसहा हजारांवरून १५ हजारांवर नेलं आणि या परीक्षेला भलताच भाव आला. शहापूरची मुलाखत भिवंडीच्या प्रांतांपुढं, मुरबाडची कल्याणच्या.

वीसच गुण, पण लेखीत पहिले दोघे-तिघे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून असतात, तेव्हा निकाल याच वीस गुणांत लागतो. प्रश्न ऐका. विहिरीत अनोळखी माणसाचं प्रेत सापडलं, पहिलं काय कराल? यात्रेत दोन वाड्यांत बाचाबाची झाली, एका बाजूला तुमचा चुलतभाऊ आहे. सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलंय, मांडव पडलाय आणि मुलीचा बाप तुमच्या भावकीतला. भट्टीमालकानं उचल फिटली नाही म्हणून कातकरी कुटुंबाला अडकवून ठेवलंय.

कायद्याची उत्तरं पुस्तकात आहेत. प्रेताला हात लावायचा नाही, लावू द्यायचा नाही, ठाण्याला कळवायचं, माणूस बसवायचा. मुलीचं १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं, बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ चा. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद आहे, तहसीलदार-प्रांतांना कळवायचं. हे सगळे उमेदवार सांगतात. पण मुलाखत घेणाऱ्या समितीची धास्ती पुस्तकातली नसते. गावात दोन पार्ट्या असतात, निदान दोन, आणि नेमलेला पाटील एका पार्टीचा निघाला की पुढची कैक वर्षं प्रत्येक भांडण ठाण्यापर्यंत येतं. म्हणून चुलतभाऊ, भावकी हे प्रश्नात मुद्दाम घुसवलेलं असतं.

'मी माझ्या भावालाही सोडणार नाही' असं छाती काढून सांगणाऱ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, कारण समितीतल्या साहेबांनाही भाऊ असतात. एका उमेदवारानं सरावात दिलेलं उत्तर मला फार आवडलं. तो म्हणाला, 'भाऊ आहे म्हणून मी एकटा मधे पडणार नाही. दोन्ही वाड्यांतला एकेक वयस्कर माणूस सोबत घेईन आणि बीट हवालदारांना आधी फोन लावीन, म्हणजे मी कुणाची बाजू घेतली असं मागाहून कुणाला म्हणता येणार नाही.' यात नातं नाकारलेलं नाही आणि कायदाही सोडलेला नाही. हे उत्तर क्लासमध्ये मिळत नाही. ज्यानं गावच्या मिटिंगा बसून ऐकल्यात त्यालाच सुचतं.

खासगी संस्थांच्या शाळांत शिक्षक होणाऱ्यांसाठी पवित्र पोर्टल आहे. २०० गुणांच्या अभियोग्यता चाचणीतून नावं येतात. जिल्हा परिषदेला मुलाखत नाही. मुलाखतीचा पर्याय घेतलेल्या संस्थांत मुलाखत आणि अध्यापन कौशल्य मिळून ३० गुण. पोर्टल येण्याआधी संस्थेच्या दारात मुलाखतीला काय घेऊन जावं लागायचं, हे मराठी वाचकाला मी सांगायला नको. आज निदान यादी बाहेरून येते. मुख्याध्यापकांची धास्ती एकच: हा वर्गात उभा राहिला की वर्ग हातात राहील का? म्हणून दहा मिनिटांचा पाठ घ्यायला सांगतात. उमेदवार फळ्याकडं तोंड करून व्याख्या लिहायला लागला की संपलं. पहिल्या मिनिटाला मागच्या बाकावरच्या पोराला त्याचं नाव विचारणारा जिंकतो.

ऐरोली-ठाण्याची कॉल सेंटरं, बँकांचे आणि विमा कंपन्यांचे फोनवरचे विक्रेते, यांची पहिली फेरी आता मोबाइलवरच होते. आतल्या गावांत रेंज मिळवायची म्हणजे ठरलेला दगड, ठरलेली टेकडी. व्हिडिओ अडकला की उमेदवार घाबरतो आणि ओरडून बोलायला लागतो. त्यापेक्षा आदल्या दिवशी शहापुरातल्या मित्राची खोली ठरवावी, नाहीतर सुरुवातीलाच सांगावं, 'सर, आवाज तुटला तर मी व्हिडिओ बंद करून बोलतो.' अडचण आली तर हा माणूस गोंधळत नाही, एवढं त्यातून कळतं आणि फोनवरच्या कामात त्यांना तेच बघायचं असतं. इंग्रजीचा बाऊ इथं सगळ्यात जास्त. लांब वाक्यांत गुरफटण्यापेक्षा सहा शब्दांची वाक्यं बोलावीत. गिऱ्हाइकाला कळेल का, ही त्यांची धास्ती आहे, उच्चार गोऱ्या साहेबासारखा आहे का ही नाही.

मुलींना मात्र प्रत्येक ठिकाणी एक जादा प्रश्न मिळतो. 'लग्न कधी करणार?' भरतीत बाई म्हणून डावलू नये असं १९७६ चा समान वेतन कायदा सांगत आला, पण प्रश्न काही थांबला नाही. मुलगी शिकवून तयार करायची आणि ती सासरी जायची, ही मालकाची धास्ती. त्या धास्तीवर कायद्याचं कलम फेकलं तर नोकरी जाते आणि लाजून मान खाली घातली तरी जाते. 'लग्न झालं तरी नोकरी करणार, घरी तसं बोलून ठेवलंय, नाइटला कंपनीची बस दारापर्यंत येते का तेवढं सांगा' असं म्हणून प्रश्न परत त्यांच्याकडं ढकलणाऱ्या मुली आता दिसतात. पाच वर्षांपूर्वी ही गोष्ट नव्हती.

वरच्या पायरीवर राज्यसेवा. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, १७५० गुणांची, आणि मुलाखत २७५ ची. केंद्रीय लोकसेवा आयोगाचंही माप हेच. दोन्हीकडं मराठीतून मुलाखत देता येते. समिती अर्ज पुढं ठेवून बसते आणि गावाचं नाव वाचून सुरू करते. शहापूरच्या उमेदवाराला माहुली विचारतील, शहाजीराजांनी १६३६ मध्ये तिथून शरणागती का पत्करली ते विचारतील. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्याचा पालघर वेगळा झाला, तरी शहापूरचा आदिवासी ठाण्यातच राहिला, त्याचं काय झालं ते विचारतील. आणि एक प्रश्न चुकणार नाही: तानसा तुमच्याकडं, भातसा तुमच्याकडं, मुंबई तुमचं पाणी पिते, मग उन्हाळ्यात तुमच्या पाड्यांवर टँकर का?

या प्रश्नावर इथलं पोर पेटतं. पेटणारच, त्याची आई डोक्यावर हंडे घेऊन चाललेली त्यानं पाहिलेली असते. पण समितीची धास्ती ही की उद्या हाच माणूस खुर्चीवर बसून पेटेल की मार्ग काढेल. तेव्हा राग दडवायचा नाही, पण त्याच्याखाली माहिती असली पाहिजे. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतं. मुंबईच्या सात तलावांच्या साठ्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. धरणं खाली खोऱ्यात आणि पाडे वर डोंगरउतारावर, म्हणून पाणी शहराकडं उतारानं जातं आणि पाड्याकडं उपसून न्यावं लागतं, त्याचं वीजबिल ग्रामपंचायतीला झेपत नाही. जमिनीखाली काळा पाषाण, पाऊस धो धो पडला तरी मुरत नाही, फेब्रुवारीत विहिरी तळाला जातात. इगतपुरीच्या भावली धरणातून उतारानं पाणी आणायची योजना आखली गेली ती याच कारणानं. हे सगळं सांगून मग म्हणावं, 'माझी आई अजून हंड्यानं पाणी आणते.' आधी म्हटलं तर ती तक्रार ठरते. शेवटी म्हटलं तर समितीतला माणूस पेन खाली ठेवून ऐकतो.

सैन्यात अधिकारी व्हायची वाट इथं फार कमी जणांना माहीत आहे. पोरं अग्निवीरच्या मैदानावर धावतात, पण पदवीनंतर सीडीएसची लेखी परीक्षा देऊन एसएसबीच्या मुलाखतीला जाता येतं हे कुणी सांगत नाही. ही मुलाखत पाच दिवसांची. ६० शब्द एकेक करून दाखवतात, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग ६० प्रसंग, अर्ध्या तासात. मग मैदानावर फळ्या, दोऱ्या, पिंपं घेऊन गटानं अडथळा पार करायचा. इथं पाठांतराचा काही उपयोग नाही, पाच दिवस कुणाला खोटं वागता येत नाही. नाशिक रोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, राहणं-जेवण-शिकवणी सगळं मोफत. कसारा घाट चढला की आलंच. आवणीला बांध फुटल्यावर आरडाओरडा न करता चार माणसं कामाला लावणारं पोरगं त्या मैदानात कमी पडेल असं मला वाटत नाही.

कुठल्याही मुलाखतीच्या शेवटी विचारतात, 'तुम्हाला काही विचारायचंय?' इथली नव्वद टक्के मुलं, अंदाजानं सांगतोय, 'नो सर' म्हणून उठतात. धास्ती काय फक्त पलीकडच्या खुर्चीला असते? ज्यांनी वीटभट्टीची उचल फेडण्यात लहानपण घालवलं, त्यांना इकडच्या खुर्चीची धास्ती जास्त माहीत असायला हवी. तेव्हा विचारायचं. पगार कंपनीच्या नावानं येणार की ठेकेदाराच्या? पीएफ कापणार का, यूएएन कधी मिळेल? ओव्हरटाइम कायद्याप्रमाणं दुप्पट दरानं की नुसता चहा? युनिफॉर्मचे किंवा नावनोंदणीचे पैसे आधी मागितले तर तिथंच फोल्डर बंद करून उठायचं. आणि शेवटचा प्रश्न, रात्रपाळी असेल तर विसरू नये: कंपनीची गाडी शेणव्यापर्यंत येते, की शहापूरलाच उतरवून देते?